डोप केलेल्या झिंक ऑक्साइडच्या थराचा पीएल दर खेपेला वेगळा येतोय? आधी हे तपासा

पीएल म्हणजे फोटोल्युमिनेसन्स: थरावर अतिनील प्रकाश टाकायचा आणि थरातून निघणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट मोजायचा. तक्रार साधारण अशी असते. झिंक ऑक्साइडच्या पातळ थरात अ‍ॅल्युमिनियम, तांबं किंवा युरोपियम मुद्दाम घातलं (हेच डोपिंग, आणि घातलेलं मूलद्रव्य तो डोपंट). सोल, म्हणजे काचेवर पसरवायचं द्रावण, नेहमीच्याच कृतीने बनवला, काच तीच, भट्टीवरचा आकडाही तोच. एका खेपेला ३८० नॅनोमीटरजवळचं अतिनील शिखर ताठ उभं आणि हिरवा पट्टा नावापुरता. पुढच्या खेपेला हिरव्यानेच सगळा वर्णपट व्यापलेला. तिसऱ्या खेपेला ६५० च्या आसपास एक लाल उंचवटा, जो आधी कधी दिसलाच नव्हता. मग अहवालात लिहिलं जातं की डोपिंगमुळे ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा वाढल्या. हे वाक्य फार सोयीचं आहे. हिरवा वाढला तरी चालतं, कमी झाला तरी थोडं फिरवून चालतं. म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास कमी.

माझा क्रम उलटा आहे. आधी यंत्रावर संशय, मग काचेवर, मग भट्टीवर, आणि सगळ्यात शेवटी डोपंटवर. कारण साधं आहे. यंत्राची चाचणी अर्ध्या तासात होते, नवी फिल्म बनवायला दिवस जातो.

पहिली चाचणी तर नमुना न बदलताच करायची. एकच फिल्म होल्डरवरून काढा, पुन्हा लावा, वर्णपट घ्या. असं चार-पाच वेळा करा. उंचीत आणि अतिनील-हिरव्याच्या गुणोत्तरात जेवढा फरक पडतो, तेवढा तुमच्या मोजणीचा स्वतःचा गोंधळ. खेपेखेपेतला फरक त्याच्याएवढाच असेल, तर रसायनाला दोष देण्याचं कारणच उरत नाही. फिल्म ४५ अंशांवर लावलेली असेल आणि डिटेक्टर ९० अंशांवर असेल, तर उत्तेजक प्रकाशाचं आरशासारखं परावर्तन थेट डिटेक्टरच्या तोंडात जातं. नमुना ३० किंवा ६० अंशांवर फिरवा. एवढ्यानेच अर्ध्या तक्रारी मिटलेल्या मी पाहिल्या आहेत. नमुना चिकटवायला दुहेरी चिकटपट्टी वापरत असाल तर तीही तपासा. अशा पट्ट्यांचा गोंद अतिनील प्रकाशात निळसर चमकतो, आणि फिल्म पारदर्शक असल्यामुळे ती चमक बिनबोभाट वर्णपटात येऊन बसते.

६५० आणि ७६० वरचे पाहुणे

मोनोक्रोमेटरमधली ग्रेटिंग (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणारी बारीक रेघांची पट्टी) ६५० वर ठेवली की तिच्यातून अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे ३२५ चा, दुसऱ्या क्रमांकाचा प्रकाशही बाहेर पडतो. हेलियम-कॅडमियम लेसरने ३२५ वर उत्तेजित करत असाल आणि मध्ये फिल्टर नसेल, तर ६५० वर एक टोकदार शिखर हमखास मिळतं. झिंक ऑक्साइडचं स्वतःचं ३८० वालं शिखर तसंच ७६० वर पुन्हा उगवतं. गंमत अशी की त्याचा आकार मूळ अतिनील शिखरासारखाच असल्याने ते खरं वाटतं. डोपंट वाढवल्यावर अतिनील शिखर खाली गेलं की ७६० वालंही खाली जातं. म्हणजे डोपिंगशी त्याचा ‘संबंध’ सुद्धा सापडतो.

उपाय फिल्टरचा, पण कुठला फिल्टर हे महत्त्वाचं. ३५० च्या आसपास कापणारा फिल्टर ३२५ ला अडवतो, म्हणून ६५० वरचं भूत जातं. तो ३८० ला अडवत नाही, म्हणून ७६० वरचं राहतं. त्यामुळे वर्णपट दोन तुकड्यांत घ्यावा: ३५० ते ५०० पर्यंत पहिल्या फिल्टरने, आणि ४५० च्या पुढचा भाग ४२० च्या आसपास कापणाऱ्या फिल्टरने. दोन्ही तुकडे ४५० ते ५०० मध्ये एकमेकांवर बसवून जोडायचे. तुकडे नीट बसत नसतील तर तेही काहीतरी सांगतंय, हाताने ओढून बसवू नका.

गॅसच्या लेसरमधून मुख्य रेषेबरोबर प्लाझ्माच्या बारीक रेषाही येतात. हेलियम-कॅडमियममध्ये ४४२ ची रेषा तर बऱ्यापैकी जोरदार असते. नमुन्याच्या जागी खरवडलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा ठेवून तोच वर्णपट घ्या. त्यात जे दिसेल ते सगळं यंत्राचं. ३२५ ने उत्तेजित केल्यावर अतिनील शिखराच्या डाव्या उतारावर ३३१, ३३८, ३४५ अशा समान ऊर्जेच्या अंतराने बारीक टोकं दिसत असतील, तर ती मात्र नमुन्याचीच आहेत. ते प्रकाशाचं उत्सर्जन नाही, झिंक ऑक्साइडचं रामन विकिरण आहे. दोन टोकांमधलं अंतर सुमारे ७२ मिलीइलेक्ट्रॉन व्होल्ट भरतं. उत्तेजक तरंगलांबी थोडी बदलली की ही टोकं तिच्यामागे सरकतात, खरं शिखर जागचं हलत नाही.

डिटेक्टरबद्दल एवढंच की लाल बाजूला त्याची संवेदना उतरत जाते. सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीचा गुणक एका दिवशी चालू आणि दुसऱ्या दिवशी बंद राहिला, तर नारिंगी-लाल भाग दुप्पट-तिप्पट बदलू शकतो. फाइल सेव्ह करताना दुरुस्ती होती की नव्हती हे नावातच लिहा. आलेख ऊर्जेत काढणार असाल तर नुसता अक्ष बदलून भागत नाही, तीव्रतेला तरंगलांबीच्या वर्गाने गुणावं लागतं. अरुंद अतिनील शिखराला त्याने फारसा फरक पडत नाही, पण रुंद हिरव्या-पिवळ्या पट्ट्याचं टोक चांगलंच सरकतं.

गुणोत्तर ही नमुन्याची खूण नव्हे

इथे थोडं थांबतो, कारण खेपेखेपेतल्या फरकाचं सगळ्यात मोठं कारण मला इथे दिसतं.

फिल्मचा दर्जा सांगताना लोक अतिनील आणि दृश्य उत्सर्जनाचं गुणोत्तर देतात, जणू ते घनतेसारखं फिल्मच्या अंगचं आहे. ते तसं नसतं. एक्सिटॉनचं (इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या बांधलेल्या जोडीचं) अतिनील उत्सर्जन लेसरच्या शक्तीबरोबर सरळ प्रमाणात किंवा त्याहून वेगाने वाढतं. दोषांमधून येणारं दृश्य उत्सर्जन मात्र मागे पडतं, कारण दोषांची संख्या ठरलेली असते आणि त्यांतला प्रत्येक पुन्हा रिकामा व्हायला वेळ घेतो. म्हणजे एकच फिल्म, एकच ठिपका, पण शक्ती दहापट केली की हिरवी फिल्म निळसर-अतिनील वाटायला लागते. झेनॉन दिव्याच्या फ्लुओरीमीटरवर घेतलेला वर्णपट आणि लेन्सने टोकदार केलेल्या लेसरवर घेतलेला वर्णपट शेजारी ठेवून ‘दर्जा सुधारला’ म्हणणं म्हणूनच निरर्थक आहे.

करायचं काय? प्रत्येक खेपेतला एक नमुना घेऊन शक्तीची मालिका करा. न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (रंग न बदलता प्रकाश मंद करणारे) लावून शक्ती शंभराव्या भागापर्यंत खाली आणा, प्रत्येक पायरीवर दोन्ही पट्ट्यांखालचं क्षेत्रफळ काढा, आणि दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन आलेख काढा. दोन खेपांच्या रेषा समांतर असून नुसत्या वर-खाली सरकलेल्या असतील, तर फरक बहुधा ठिपक्याच्या आकारात किंवा संरेखनात आहे. उतारच वेगळे आले, तर फिल्ममध्ये खरोखर काही बदललं आहे, आणि पुढे जाण्यात अर्थ आहे. लेसरचा ठिपका केवढा आहे ते मोजून ठेवा. शक्ती मिलीवॉटमध्ये सगळे लिहितात, क्षेत्रफळ कुणी लिहीत नाही.

शक्ती फार वाढवली तर आणखी एक भानगड होते. फिल्म तापते, पट्टा-अंतर (इलेक्ट्रॉनच्या भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापट्ट्यांमधली दरी) आकसतं आणि अतिनील शिखर उजवीकडे सरकतं. हे सरकणं डोपिंगमुळे आहे असं वाटत असेल, तर शक्ती कमी करून बघा. शिखर परत डावीकडे आलं तर ते तापमानच होतं.

लाटा

गुळगुळीत फिल्ममधून येणारा प्रकाश वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांमध्ये उड्या मारतो आणि स्वतःशीच व्यतिकरण करतो. रुंद हिरव्या पट्ट्यावर त्यामुळे चढउतार उमटतात आणि त्यांना लोक वेगवेगळ्या दोषांची नावं देतात. ५२० वर हा दोष, ५९० वर तो. गणित मांडून पाहा: लगतच्या दोन टोकांमधलं अंतर साधारण तरंगलांबीचा वर्ग भागिले दोन गुणिले अपवर्तनांक गुणिले जाडी. अपवर्तनांक २ धरला, तर १ मायक्रोमीटर जाडीच्या थरात ५५० नॅनोमीटरजवळ टोकं सुमारे ७५ नॅनोमीटर अंतरावर येतात. अशा ठळक लाटा तरी ओळखता येतात. जास्त फसवी गोष्ट ३०० नॅनोमीटरच्या थरात होते. तिथे हेच अंतर २५० नॅनोमीटरवर जातं, म्हणजे लाट म्हणून काही दिसतच नाही. नुसतं सगळ्या पट्ट्याचं टोक इकडून तिकडे ढकललं जातं. एका खेपेला थर ३० नॅनोमीटरने जाड झाला आणि हिरव्याचा पिवळा झाला, एवढंच.

नमुन्याचा कोन बदला. दोषाचं शिखर जागेवर राहतं, व्यतिकरणाचं सरकतं. किंवा त्याच फिल्मचा पारगमनाचा वर्णपट काढून त्यातल्या लाटांशी ताडून बघा. सब्सट्रेटची, म्हणजे थराखालच्या काचेची, मागची बाजू खरवडून खरखरीत केल्याने या लाटा जात नाहीत, कारण त्या फिल्मच्या आतल्या आहेत, काचेतल्या नव्हेत.

कोरी काच

३२५ चा प्रकाश झिंक ऑक्साइडमध्ये फार खोल जात नाही, साधारण ६० नॅनोमीटरमध्ये तो एक-तृतीयांशावर येतो. जाड थरात त्यामुळे तुम्ही फक्त वरची कातडी बघत असता. पण १०० नॅनोमीटरच्या थरातून जवळजवळ पाचवा हिस्सा खालच्या सब्सट्रेटपर्यंत पोचतो. थरात भेगा किंवा छिद्रं असतील तर त्याहून जास्त.

प्रत्येक सब्सट्रेटची सही वेगळी. सफायरवर ६९३ आणि ६९४ नॅनोमीटरची जोडी दिसली तर ती क्रोमियमची आहे, माणकातली तीच. तिचा तुमच्या डोपंटशी काहीही संबंध नाही. फ्युज्ड सिलिकामध्ये सुटलेल्या ऑक्सिजन बंधांमुळे ६५० च्या आसपास एक रुंद लाल पट्टा येऊ शकतो. हा ६५० वरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या भुताच्या अगदी जवळ बसतो, आणि दोन्ही एकदम असू शकतात. फिल्टरने टोकदार भाग गेला आणि रुंद भाग उरला, तर उरलेला सिलिकाचा. साध्या फ्लोट काचेची एक बाजू कारखान्यात वितळलेल्या कथिलावर तरंगलेली असते. २५४ नॅनोमीटरच्या हातदिव्याखाली अंधारात धरली की ती बाजू दुधट चमकते. कोटिंग नेहमी एकाच बाजूला करा आणि कुठल्या बाजूला केलं ते काचेच्या कोपऱ्यावर खूण करून ठेवा.

म्हणून प्रत्येक खेपेबरोबर एक कोरी काच भट्टीत घाला. तापवलेली कोरी काच हवी, डब्यातली नव्हे, कारण तापवल्यावर काचेचं चमकणंही बदलतं. सोडा-लाइम काचेतून ५०० अंशांच्या आसपास सोडियम थरात चढतो, आणि तोही एक न मागितलेला डोपंट ठरतो. अ‍ॅनिलिंगचं (थर भट्टीत भाजण्याचं) तापमान वाढवत नेणारी मालिका करायची असेल, तर ती सोडा-लाइमवर करू नका. तापमानाचा परिणाम कुठला आणि सोडियमचा कुठला हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

भट्टी आणि सोल

इतकं करूनही फरक उरला, तर आता फिल्मकडे वळा.

सोलबद्दल फार बोलत नाही. झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट, २-मिथॉक्सीइथेनॉल आणि मोनोइथेनॉलअमाइन ही तिकडी बहुतेक सगळे वापरतात. तिच्यात खेपेखेपेचा फरक पडतो तो सोल किती तास मुरवला आणि कोटिंगच्या वेळी हवेत किती दमटपणा होता यामुळे. दोन थरांमधलं सुकवणं २५० अंशांच्या खाली घाईत उरकलं, तर अ‍ॅसिटेट आणि अमाइनचे अवशेष आत अडकतात. शेवटच्या अ‍ॅनिलिंगमध्ये ते पूर्ण गेले नाहीत, तर निळ्या भागात एक पसरट पट्टा सोडून जातात. फिल्मला तपकिरी झाक दिसत असेल तर हेच कारण धरा.

भट्टी मात्र खरी खोडकर. दर्शकावरचा आकडा थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीच्या) जागेचा असतो, नमुन्याच्या जागेचा नाही. दाराजवळचा नमुना आणि मागच्या भिंतीजवळचा नमुना यांत बऱ्याच अंशांचा फरक पडू शकतो. एकाच काचेचे चार तुकडे कापून भट्टीच्या चार कोपऱ्यांत ठेवा. चौघांचे वर्णपट वेगळे आले तर तुमच्या खेपा मुळात एकाच तापमानाला भाजल्याच गेल्या नव्हत्या. थंड करण्याची पद्धतही लिहून ठेवा. दार उघडून नमुना बाहेर काढणं आणि भट्टी बंद करून रात्रभर तशीच सोडणं, यांतून दोषांचं वेगवेगळं गणित गोठतं.

त्याच भट्टीत आधी कुणी काय भाजलं, हाही प्रश्न विचाराच. झिंक ऑक्साइडचा हिरवा पट्टा कुणाचा, यावरचा वाद जुना आहे. १९६९ मध्ये डिंगल यांनी बारीक संरचना असलेला हिरवा पट्टा तांब्याच्या अशुद्धीशी जोडला. १९९६ मध्ये व्हॅनह्यूस्डेन आणि सहकाऱ्यांनी हिरवा प्रकाश ऑक्सिजनच्या आयनित रिकाम्या जागेशी जोडला. पुढे झिंकच्या रिकाम्या जागेचीही बाजू जोरात मांडली गेली. हिरव्या रंगाचा एक पट्टा पाहून त्याचा मालक ठरवता येत नाही, एवढं तरी यातून धरून चाला. तांब्याची शंका असेल तर नमुना द्रव हेलियमच्या तापमानाजवळ न्या. तांब्याच्या पट्ट्यावर सुमारे २.८६ इलेक्ट्रॉन व्होल्टला शून्य-फोनॉन रेषा (स्फटिकाच्या कंपनांना ऊर्जा न देता निघालेल्या प्रकाशाची) आणि तिच्या पुढे ७२ मिलीइलेक्ट्रॉन व्होल्टच्या अंतराने दाते दिसतात. दाते नसलेला गुळगुळीत पट्टा वेगळ्या घरचा. खोलीच्या तापमानाला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तिथे वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

फिल्म शेल्फवर पडून राहिली की तिचा पृष्ठभाग पाणी आणि ऑक्सिजन ओढून घेतो, आणि वरची कातडीच बघत असल्याने पीएलला तो फरक लगेच कळतो. लेसर चालू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत तीव्रता चढते किंवा उतरते, निर्वातात एक आणि हवेत दुसरंच घडतं. अतिनील प्रकाशाने पृष्ठभागावरचा ऑक्सिजन सुटतो, त्याचा हा खेळ. सगळे नमुने अ‍ॅनिलिंगनंतर ठरावीक वेळाने मोजा, आणि लेसर पडल्यावरही ठरावीक वेळ थांबूनच वर्णपट घ्या.

आता डोपंट

अ‍ॅल्युमिनियमवाल्यांची नेहमीची अडचण अशी की शोषणाची कडा निळ्याकडे सरकते आणि पीएलचं शिखर तिच्यामागे जात नाही. इथे बिघाड शोधू नका. इलेक्ट्रॉन दर घनसेंटिमीटरला १०²⁰ च्या घरात गेले की वाहक ऊर्जापट्ट्याचा तळ भरतो आणि शोषणाला त्याच्या वरून सुरुवात करावी लागते. हाच बर्स्टाइन-मॉस परिणाम. उत्सर्जनाला मात्र तळापासूनचे सगळे इलेक्ट्रॉन मोकळे असतात, शिवाय इतक्या गर्दीत पट्टा-अंतर स्वतःच थोडं आकसतं. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळायला हवेत ही अपेक्षाच चुकीची. अ‍ॅल्युमिनियम खरंच झिंकच्या जागी बसलंय का हे पाहायचं असेल, तर फार कमी डोप केलेला नमुना अतिथंड करून ३.३६०८ इलेक्ट्रॉन व्होल्टची बद्ध-एक्सिटॉन रेषा (डोपंटला अडकलेल्या एक्सिटॉनची) शोधता येते. गॅलियमची ३.३५९८ ला आणि इंडियमची ३.३५६७ ला येते. बहुस्फटिकी, जड डोपिंगच्या थरात या रेषा एकमेकींत मिसळून जातात, तेव्हा तिथे हा मार्ग बंद.

युरोपियमचं दुखणं निराळं. तिथे ६१२ च्या आसपासच्या लाल रेषा कधी झळकतात, कधी नाहीत. चार शेजाऱ्यांमधल्या झिंकची त्रिज्या ०.६० अँगस्ट्रॉम, तर सहा शेजाऱ्यांमधल्या तीन-धन युरोपियमची ०.९५. आकारात एवढी तफावत आणि वर एका धनभाराचा फरक, त्यामुळे बराचसा युरोपियम कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. क्षकिरण विवर्तनात युरोपियम ऑक्साइडच्या रेषा दिसत नाहीत याचा अर्थ तो वेगळा झालेला नाही असा होत नाही, काही टक्क्यांखालचं विवर्तनाला दिसतच नाही.

इथे उत्तेजन-वर्णपट काढा. डिटेक्टर ६१२ वर ठेवून उत्तेजक तरंगलांबी ३०० पासून ५०० पर्यंत फिरवा. ३७० ते ३८० मध्ये रुंद पट्टा आला तर झिंक ऑक्साइड ऊर्जा युरोपियमकडे देतंय. फक्त ३९५ आणि ४६५ वरच्या बारीक रेषा आल्या तर युरोपियम स्वतःच शोषून स्वतःच चमकतोय, झिंक ऑक्साइड नुसतं त्याचं घर आहे. एक सापळा आहे: झिंक ऑक्साइडच्या दृश्य पट्ट्याची शेपटी ६१२ पर्यंत पोचते, आणि तीही ३७५ ला उत्तेजित होते. म्हणून तीच चाचणी ६०५ वर, जिथे युरोपियमची रेषा नाही, पुन्हा घ्या आणि वजा करा. स्पंदित दिवा असेल तर काम आणखी सोपं. युरोपियम शेकडो मायक्रोसेकंद ते मिलीसेकंद चमकत राहतो, आणि झिंक ऑक्साइडचा बहुतेक प्रकाश तोवर विझलेला असतो. स्पंदनानंतर ५० ते १०० मायक्रोसेकंद थांबून मोजलं की युरोपियमच्या रेषा जवळजवळ कोऱ्या पार्श्वभूमीवर उभ्या राहतात. ५९२ आणि ६१२ च्या उंचीचं गुणोत्तर इथे मात्र खरंच भरवशाचं. ५९२ वरची रेषा आजूबाजूच्या रचनेची फारशी पर्वा करत नाही, ६१२ वरची करते. दोन खेपांत हे गुणोत्तर बदललं, तर युरोपियमची बसायची जागा बदलली आहे. गुणोत्तर तेच आणि नुसती एकूण तीव्रता वेगळी असेल, तर भट्टीतले चार तुकडे पुन्हा काढा आणि नमुन्याला चिकटवून दुसरा थर्मोकपल लावा.